झूम लेन्सचे फोटो सॉफ्ट येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे पक्षी बघायला निघणाऱ्या आमच्या टोळक्यात कुणी नवी ७०–३०० किंवा १५०–६०० मिमीची झूम लेन्स घेतली की साधारण तिसऱ्या आठवड्यात तो माणूस चहाच्या टपरीवर हळूच लॅपटॉप उघडतो आणि विचारतो, "माझाच पीस खराब आलाय का हो?" त्या प्रश्नातून फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पीस खराब असू शकतो, नाही असं नाही. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण बाकीचे संशयित तपासायला एक रुपयाही लागत नाही.

सॉफ्ट म्हणजे नेमकं काय? मला तर सगळे सॉफ्ट फोटो सारखेच दिसतात.

"सॉफ्ट" हा शब्द आपण "अंगात कणकण आहे" सारखा वापरतो. काहीतरी बिघडलंय एवढंच त्यातून कळतं. फोटो लॅपटॉपवर १०० टक्के मोठा करा आणि जरा डोळे बारीक करून बघा.

पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. तो गोल न राहता रेघेसारखा लांबट झाला असेल, फांदीच्या कडेला दुहेरी रेघ दिसत असेल, तर काहीतरी हललंय. फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले तर तुमचा हात हलला. फांदी स्वच्छ आणि डोकं तेवढं पुसल्यासारखं असेल तर पक्ष्याने मान वळवली.

डोळा सॉफ्ट पण शेपटी टोकदार, किंवा पक्षी सॉफ्ट आणि मागचं पान शिरांसकट स्वच्छ, असं असेल तर फोकस चुकला. ही खूण फार उपयोगाची आहे, कारण त्या पानाने लेन्सची साक्ष दिलेली असते.

चित्रात कुठेच काही टोकदार नाही, कडा वितळल्यात, काळा रंग राखाडी झालाय, तर हवा, फिल्टर, काचेवरची वाफ किंवा बुरशी. आणि कुठल्याही दिवशी, कुठल्याही हवेत, दर फोटोत तीच एक बाजू किंवा तोच कोपरा सॉफ्ट असेल, तरच बोट लेन्सकडे वळवायचं.

तपासायला सुरुवात कुठून करू?

घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपासून. तिथी, नक्षत्र, चंद्रोदय असल्या बारीक अक्षरांनी भरलेलं जे कॅलेंडर स्वयंपाकघरात लटकत असतं, त्याच्याइतकं चांगलं टेस्ट चार्ट विकत मिळणार नाही. ते काढून गॅलरीच्या भिंतीवर चारही कोपऱ्यांना टेप लावून सपाट चिकटवा. वाऱ्याने फडफडणारं कॅलेंडर म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कॅमेरा ट्रायपॉडवर, कॅलेंडरच्या बरोबर समोर. लेन्सचं तोंड आणि भिंत समांतर हवी, तिरकी नको. लेन्सवरचा फिल्टर काढा (का, ते शेवटच्या प्रश्नात). स्टॅबिलायझर (हाताची थरथर थोपवणारी सोय) बंद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १०० किंवा २००. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सोय) सुरू करा, चित्र पडद्यावर १० पट मोठं करा आणि हाताने रिंग फिरवून आजच्या तारखेवर फोकस करा. दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढा. लेन्स जितकी उघडते तितकी उघडून एक, एफ/८ वर एक (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक बारीक). मग हेच झूमच्या तीन टप्प्यांवर: आखूड टोक, मधलं, लांब टोक. झूम बदललं की फोकस पुन्हा करायचा.

झाले सहा फोटो. यात मधली अक्षरं सुईसारखी आली, तर तुमची लेन्स ठणठणीत आहे आणि गडबड तुमच्या आणि पक्ष्याच्या मधे कुठेतरी आहे. इथे दहातले निम्मे लोक खूश होतात आणि निम्मे नाराज. नाराज होणाऱ्यांना लेन्स बदलायची असते.

३०० मिमीवर शटर स्पीड किती ठेवू?

जुना ठोकताळा असा: शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा). ३०० मिमीला १/३०० सेकंद. पण हा ठोकताळा ३५ मिमीच्या फिल्मचा, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट बघण्याच्या काळातला. आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे त्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. निकॉन, सोनी, फुजीत १.५ ने गुणायचं, कॅननमध्ये १.६ ने. म्हणजे ३०० चे झाले ४५० ते ४८०, आणि शटर १/५००. त्यात २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघायचा म्हणजे भिंगाखाली हस्ताक्षर तपासण्यासारखं आहे. हातात धरून काढायचा असेल तर मी ३०० ला १/१००० च्या खाली सहसा उतरत नाही.

हे झालं फक्त तुमच्या हातापुरतं. शिंजीर फुलावर असेल तर तो एका जागी बसलेला दिसतो, पण असतो का? उडत्या पक्ष्याला १/२००० पासून पुढे.

"पण मग आयएसओ १६०० जातो!" जाऊ दे. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो, हललेला फोटो कुणाच्या बापाला सुधारता येत नाही. एक मात्र बघा: जेपीईजी काढत असाल तर जास्त आयएसओवर कॅमेरा स्वतःच दाणे पुसायला जातो आणि त्याबरोबर पिसांचा पोतही पुसतो. ती मेणचट सफाई म्हणजे लेन्सचा दोष नव्हे. मेनूत नॉइज रिडक्शन कमी करा, नाहीतर रॉ (कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल) काढा.

माझ्या लेन्सला स्टॅबिलायझर आहे. मग हे सगळं कशाला?

कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. बारसं वेगळं, बाळ एकच. एसएलआर कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ते पहिल्यांदा आणलं कॅननने, १९९५ साली, आणि तेही एका ७५–३०० झूममध्ये. यावरूनच ओळखा की हात सगळ्यात जास्त कुठे हलतो.

खोक्यावर "४ स्टॉप" लिहिलेलं असतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे जिथे १/५०० लागायचं तिथे १/३० चालेल. चालेल, पण देवळाच्या कळसाला. खंड्याला नाही. स्टॅबिलायझर तुमचा हात थोपवतो, समोरच्याची मान थोपवत नाही. शिवाय बटण अर्धं दाबल्यावर त्याला स्थिरावायला क्षणभर लागतो. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित उडी मारून शांत होतं, ते शांत व्हायच्या आत फोटो काढला तर तो उडीतलाच निघू शकतो. पळत्या, उडत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत असाल तर बऱ्याच लेन्सवर मोड २ असतो, तो लावा.

७० ला एकदम कडक, ३०० ला सॉफ्ट. हे नॉर्मल आहे का?

थोड्या प्रमाणात, हो. कॅननच्या साध्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्समध्ये ६ भिंगं आहेत. त्यांच्याच ७०–२०० एफ/२.८ च्या दुसऱ्या आयएस आवृत्तीत २३. झूम करताना यातले काही गट पुढे जातात, काही मागे, आणि प्रत्येक जागी सगळ्यांनी मिळून किरण एका ठिपक्यावर आणायचे. ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठीची पहिली झूम लेन्स, फोइग्टलेंडरची झूमार, १९५९ मध्ये आली तेव्हा ती ३६ ते ८२ एवढंच झेपवत होती. आज आपण १८–३०० घेतो आणि दोन्ही टोकं सारखी मागतो. कुठेतरी तडजोड होणारच, आणि स्वस्त झूममध्ये ती बहुतेकदा लांब टोकाला ढकललेली असते, कारण दुकानात उभं राहून कुणी ३०० वर १०० टक्के मोठं करून बघत नाही.

उपाय दोन, दोन्ही फुकट. एक, एफ/५.६ ऐवजी एफ/८ वर या. दुसरा लोकांना पटत नाही: ३०० ऐवजी २६०–२७० वर थांबा. चौकटीत पक्षी किंचित लहान येतो, पण कित्येक लेन्समध्ये पिसं सुटी दिसायला लागतात. तुमच्या लेन्सचा तो टप्पा कुठे आहे हे कॅलेंडरच सांगेल.

मात्र ३०० वर एफ/८ लाही कॅलेंडरची मोठी अक्षरंसुद्धा फुटत असतील, तर ते नॉर्मल नाही.

मग सरळ एफ/२२ च लावला तर सगळंच शार्प येईल ना?

उलटं होतं. भोक जितकं बारीक तितका प्रकाश त्यातून जाताना पसरतो. हे भौतिकशास्त्र आहे, तुमची लेन्स लाखाची असो की दहा हजारांची. एफ/८ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा पडतो, एफ/२२ ला तोच ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल असतो सुमारे ४ मायक्रॉनचा. सात-आठ घरं ओलांडून जाणारा ठिपका शार्प कसा दिसणार? शिवाय शटर मंदावतं ते वेगळंच. एफ/८ ते एफ/११ मध्ये रहा.

फोकसची चौकट डोळ्यावरच होती, हिरवीही झाली होती. तरी डोळा सॉफ्ट?

आधी हिशेब. एपीएस-सी कॅमेरा, ३०० मिमी, एफ/५.६, पक्षी १० मीटरवर: स्वच्छ दिसणारा पट्टा सगळा मिळून साधारण २५ सेंटिमीटर. बऱ्यापैकी आहे. तिथेच ६०० मिमी, एफ/६.३ लावा, पट्टा उरतो जेमतेम ७ सेंटिमीटर. लग्नात फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ७०–२०० लावून २०० मिमी, एफ/२.८ वर ३ मीटरवरून नवरीचा चेहरा काढाल तर ४ सेंटिमीटरच्याही आत. नथ शार्प, डोळा सॉफ्ट. तिने हसताना मान जराशी मागे नेली तरी पुरे.

आता चौकटीबद्दल. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात, तुम्हाला दिसते तेवढीच ती असते असं नाही, खरी जागा बरेचदा तिच्याहून मोठी असते. त्या जागेत पक्ष्याचा काळा डोळा आणि पुढची उन्हात चमकणारी काडी दोन्ही आले, तर कॅमेऱ्याला काडी आवडते. त्याला पक्षी कळत नाही, कडा कळतात. म्हणून झाडीत एकच बिंदू निवडा. कॅमेऱ्याला सगळे बिंदू आपोआप निवडायची मुभा द्यायची ती मोकळ्या आकाशातल्या घारीसाठी.

आणि फोकस लॉक करून मग कॅमेरा फिरवून चौकट सजवायची सवय जवळच्या अंतरावर, मोठ्या अॅपर्चरला (लेन्सचं भोक जास्त उघडं असताना) महाग पडते. हलत्या गोष्टीला सतत फोकस ठेवा: निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो.

मी झूम करून फोकस करतो आणि मग चौकट मोठी करायला मागे येतो. यात काही चुकतं का?

चुकतं. व्हिडिओ शूटिंगच्या महागड्या झूममध्ये फोकस जागेवर राहतो. फोटोच्या आजच्या बहुतेक झूममध्ये नाही. झूम फिरवलं की फोकस सरकतो, म्हणून फिरवून झाल्यावर बटण पुन्हा अर्धं दाबा. वडिलांच्या काळची, पुढे-मागे ओढायची झूम ज्यांनी वापरली आहे त्यांना ही जुनी खोड असते. त्यातल्या काही लेन्समध्ये ती युक्ती खरंच चालायची.

लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप लांब होत असेल, तर तेही याच खात्यात. झाडाच्या शेंड्याकडे रोखताना ती हळूच आत येते आणि फोकस घेऊन जाते. लॉकचं बटण असेल तर ते सहसा सगळ्यात आखूड टोकालाच लागतं, तेव्हा डाव्या हाताने झूमची रिंग धरून ठेवणं एवढंच हाती आहे.

फ्रंट फोकस, बॅक फोकस हे काय असतं? माझ्या कॅमेऱ्यात आहे का?

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा भाग वेगळा, आरशाच्या खाली असतो आणि फोटो पडतो मागच्या सेन्सरवर. दोघांची अंतरं केसभर जरी जुळली नाहीत तरी फोकस दरवेळी त्याच बाजूला चुकतो. दरवेळी, त्याच बाजूला, हे महत्त्वाचं. कधी पुढे कधी मागे जात असेल तर हा आजार तो नव्हे.

ओळखायचं असं: टेबलावर तीन पेन्सिल सेल उभे करा, एकापेक्षा एक दोन बोटं मागे आणि थोडे बाजूला. मधल्यावर फोकस करून फोटो काढा, आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूत मधला सेल स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून पाच वेळा काढले तरी पुढचाच स्वच्छ, तर फ्रंट फोकस आहे.

निकॉनच्या डी७२००, डी७५००, डी५००, डी७५० अशा बॉडींमध्ये ही चूक आकड्याने दुरुस्त करायची सोय असते, तिला एएफ फाइन ट्यून म्हणतात; कॅननच्या ७०डी, ८०डी, ७डी, ५डी मार्क २ आणि पुढच्या बॉडींत एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट. दोन्हीत उणे २० ते अधिक २०. डी३५००, डी५६००, १५००डी, २००डी यांत ही सोयच नाही, मेनूत शोधत बसू नका. झूमची पंचाईत अशी की ७० ला लागणारा आकडा आणि ३०० ला लागणारा आकडा वेगळा असू शकतो. कॅननने ५डी मार्क ३ पासूनच्या काही बॉडींत दोन्ही टोकांना वेगळा आकडा द्यायची सोय केली. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये एका लेन्सला एकच आकडा बसतो. तिथे जे टोक जास्त वापरता त्याच्यासाठी तो लावा.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर हा प्रश्न सोडून पुढे जा. तिथे फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

सकाळचे फोटो सुरेख आणि दहानंतरचे सगळे लोण्यासारखे. लेन्स तापते का?

लेन्स नाही, हवा तापते. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे, उजनीचा पाणफुगवटा. हिवाळ्यात कुंभारगावला होडीत बसून रोहित बघायला आमची दरवर्षी एक फेरी असते. एका जानेवारीत मी नवी १५०–६०० घेऊन गेलो. सकाळभर पट्टकादंब, चित्रबलाक मनसोक्त काढले आणि मुख्य रोहितांचा थवा नंतर उन्हात निवांत काढू म्हणून ठेवला. साडेदहाला तिकडे वळलो तेव्हा होडीवाले दादा म्हणाले, "आता काय निघायचं नाही साहेब. पाणी उकळाय लागलं." मी दुर्बीण लावली. दोनशे मीटरवरच्या थव्याचे पाय खरोखर उकळत्या पाण्यातल्या शेवयांसारखे वळवळत होते. तरी मी दोनशेच्यावर फोटो काढले. एकही ठेवण्यासारखा नाही, आणि गंमत म्हणजे सगळे सारखे खराब नाहीत: एकात मान स्वच्छ आणि पाय वितळलेले, पुढच्यात पाय बरे आणि चोच दुभंगलेली. हा हवेचा सही-शिक्का. लेन्स असं रंग बदलून वागत नाही.

थंड पाण्यावर, डांबरी रस्त्यावर, माळरानावर ऊन चढलं की गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक थर प्रकाश थोडा वाकवतो. अंतर जितकं जास्त तितके थर जास्त. शटर कितीही वाढवा, फिल्टर कुठलाही लावा, काही होत नाही. जवळ जा किंवा लवकर या. उन्हाळ्यात ताडोबात रस्त्यापलीकडच्या वाघालाही हे होतं. आणि एसी चालू ठेवून गाडीची काच खाली करून फोटो काढणाऱ्यांनी लक्षात घ्या, खिडकीतच गार आणि गरम हवेचं भांडण लागलेलं असतं, तेही लेन्सच्या बरोबर तोंडापाशी.

ट्रायपॉडवर लावूनही फोटो हलतो. हे कसं काय?

स्टॅबिलायझर चालू राहिला असेल. काही लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो, जुन्यांना येत नाही, आणि त्या नसलेली थरथर शोधत बसतात. बंद करा. डीएसएलआर असेल तर आरसा वर उचलला जाताना धक्का बसतो, तो १/६० ते १/८ च्या आसपास जास्त भोवतो. मिरर अप किंवा लाइव्ह व्ह्यू वापरा आणि बोटाऐवजी टायमरने फोटो काढा. मिररलेसमध्ये शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवा. मोठ्या लेन्सला पट्टा (तिच्याभोवतीचं ट्रायपॉडला बसवायचं कडं) असेल तर ट्रायपॉड पट्ट्याला लावा, बॉडीला नाही. मधला दांडा वर काढू नका.

जिप्सीत ट्रायपॉडला जागाच नसते. तिथे बीनबॅग: रिकामी न्यायची आणि मुक्कामाच्या गावी किराणा दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरायची. सफारी संपली की तांदूळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, आणि मागच्या सीटवरच्या मंडळींना उठबस न करायला. दुसरं जास्त अवघड आहे.

फोटोची फक्त एकच बाजू सॉफ्ट येते.

हा खरा लेन्सचा दोष असू शकतो. आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलंय किंवा किंचित कललंय. लेन्स पडली असेल तर होतं, कारखान्यातूनही तशी येऊ शकते. पण निकाल लावायच्या आधी कॅलेंडर पुन्हा चिकटवा. फोटो काढा. मग कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा, म्हणजे डोकं खाली करून लावा आणि तोच फोटो पुन्हा काढा. आधी कॅलेंडरची डावी बाजू सॉफ्ट होती आणि आता उजवी झाली, तर दोष लेन्सबरोबर फिरला, लेन्सचाच आहे. दोन्ही वेळा कॅलेंडरची डावी बाजूच सॉफ्ट राहिली, तर तुमचा कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. चारही कोपरे सारखेच थोडे सॉफ्ट असतील तर तो लेन्सचा स्वभाव, एफ/८ ला बराच निवळतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी आली. त्याने फोटो सॉफ्ट होतात का?

लगेच नाही. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेच्या कडेने आत सरकताना दिसले तर ती बुरशी. सुरुवातीला फक्त उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके पडतात, पसरली की सगळेच. कोकण, मुंबई, गोव्यात राहणाऱ्यांनी ड्राय कॅबिनेट घ्यावं आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि तिचा रंग बदलला की ती बदलायची. लेन्स तिच्या चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं.

वाफेचा मामला साधा आहे. रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा सकाळी दमट हवेत काढला की काच धुरकटते, कधी आतूनही. पुसत बसू नका, पुन्हा धरते. निघायच्या अर्धा तास आधी बॅग बंदच ठेवून बाहेर काढा.

व्ह्यूफाइंडरमधूनच धूसर दिसतं.

आयपीसच्या बाजूचं छोटं चाक फिरवा. आतले आकडे स्वच्छ दिसले की झालं. ते चाक बॅगेत घासून फिरतं. फोटोवर त्याचा काही परिणाम नसतो, पण हाताने फोकस करत असाल तर फसाल.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास, ग्रुपवर टाकला की सॉफ्ट?

व्हॉट्सअॅप फोटो बारीक करून दाबून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि रॉ फाइल मुळात सॉफ्टच दिसते, तिला शार्पनिंग आपण करायचं असतं. पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याने आधीच मसाला घातलेला जेपीईजी.

टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारं, चित्र मोठं करणारं भिंग) लावून लांबचं काढू का?

एफ/२.८ किंवा एफ/४ च्या चांगल्या लेन्सला १.४ पटीचा लावा, एक स्टॉप जाईल, चालतं. ७०–३०० एफ/५.६ ला २ पटीचा लावलात तर दोन स्टॉप जाऊन एफ/११ उरतो, बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस हात टेकतो, आणि लेन्सचे आहेत ते दोष दुप्पट मोठे होऊन दिसतात. पैसे पेट्रोलवर खर्च करा, जवळ जा.

सर्व्हिस सेंटरला कधी न्यायची?

कॅलेंडरवर लाइव्ह व्ह्यूत, ट्रायपॉडवर, एफ/८ लाही जमत नसेल तेव्हा. किंवा कॅमेरा उलटा केल्यावर दोष लेन्सबरोबर फिरला तेव्हा. नेताना बॉडीही न्या आणि ते सहा फोटो पेन ड्राइव्हवर, एडिट न करता. नुसतं "सॉफ्ट येतंय" सांगितलं तर लेन्स पुसून परत मिळते, "तपासली, ठीक आहे" असा कागद लावून. माझ्या बाबतीत एकदा तसंच झालं, आणि वाईट वाटतं सांगायला, पण त्यांचं बरोबर होतं. ती गोष्ट पुढे.

यूव्ही फिल्टरने खरंच फरक पडतो का?

वाइड लेन्सवर फारसा जाणवत नाही. लांब झूमवर, विशेषतः २०० च्या पुढे, हलक्या काचेचा फिल्टर सगळं चित्र मऊ करू शकतो. काच पूर्ण सपाट नसते आणि लांब लेन्स ती चूक मोठी करून दाखवते. संरक्षणच हवं असेल तर हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं नळकांडं) लावा. धक्का हूड खातो.

माझी पहिली ७०–३०० मी दोन वर्षं वापरली आणि दोन वर्षं तिला शिव्या घातल्या. सर्व्हिसला देऊन आणली, तिसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एकाला निम्म्या किमतीत विकली, आणि विकताना स्वतःला प्रामाणिक समजत त्याला सांगितलं की थोडी सॉफ्ट आहे हां. आठवड्याने त्याने मला सिंहगडावरच्या बुलबुलाचा फोटो दाखवला. तुऱ्याचा केसन् केस मोजून घ्यावा असा. मला वाटलं, कॅमेरा चांगला असेल त्याचा. कॅमेरा माझ्यासारखाच होता.

विकताना त्यावरचा अडीचशे रुपयांचा फिल्टर मात्र मी काढून ठेवला होता, पुढच्या लेन्सला होईल म्हणून. आटे जुळत होते. झालाही. पुढची लेन्सही सॉफ्टच निघाली.